पाऊण एकराचं मूत्रपिंड

सरकारने त्या यंत्राचं नाव ठेवलं होतं जलांश-निर्धारण संयंत्र. खापरटोल्याने आठ दिवसांत त्याचं नव्याने बारसं केलं आणि नाव ठेवलं चोंबड्या.

नाव चपखल होतं. तलावाच्या काठाने, नाल्यात, शेतांच्या बांध-धुऱ्यांच्या पोटात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सळ्या रोवल्या होत्या. त्या दर तासाला पाण्याचा एक घोट घेत आणि त्यात काय काय लागलं ते सांगत. सांगत म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पडद्यावर, गट क्रमांकासकट, अख्ख्या गावाला. कोणी नाल्यात ट्रॅक्टर धुतला, कोणाच्या न्हाणीत महागडा शाम्पू आला, कोणाच्या बकरीचं पोट बिघडलं आहे. उपसरपंचांनी दारू सोडल्याला सहा महिने झाले होते. एका सोमवारी चोंबड्याने गट क्रमांक सव्वीससमोर मोहाच्या दारूचा अंश दाखवला, तेव्हा उपसरपंचीणबाई पंचायतीच्या ओट्यावर आल्या, पडदा दोनदा वाचला आणि तडक घरी गेल्या. पुढे काय झालं ते चोंबड्याला कळलं नाही, कारण ते पाण्यात पडलं नाही.

मैथिली दिघोरेला मात्र चोंबड्या आवडायचा. अख्ख्या गावात तिला एकटीलाच. तीही दिवसभर तेच काम करत होती. तिचं माहेर वर्ध्याचं, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी, आणि लग्न होऊन ती आली ती थेट तलावाच्या काठावरच्या घरात. उंबरठ्यापासून पाण्यापर्यंत तिची एकेचाळीस पावलं भरत. मुलगा ईशान अडीच वर्षांचा. भरलेली बादली दिसली तरी मैथिली ती आधी ओतून द्यायची, आणि इथे दारासमोर दोनशे एकरांची बादली भरून ठेवलेली. तिने बांबूचं फाटक लावलं, जाळी ठोकली, पोराच्या पायात घुंगराचा वाळा घातला. पोराने फाटक उघडायची युक्ती शोधली, जाळीखालून मांजर जातं हे पाहून ठेवलं आणि वाळा काढून कोंबडीच्या पायात अडकवला. एक अख्खी दुपार मैथिली घुंगराच्या आवाजावर विसंबून निवांत भाजी निवडत बसली होती.

"पाण्याकडे पाहून पाहून तूच त्याले दाखवून राहिली वं," सासूबाई म्हणायच्या. "नाहीतर त्याच्या ध्यानात तरी होतं का, का इथं तलाव हाये म्हणून?"

सासूबाई म्हणजे पंचफुलाबाई. मासे धरणाऱ्या धिवराच्या घरातली लेक, धिवराच्याच घरातली सून. चालायला आणि पोहायला एकाच वर्षी शिकलेल्या. माणसाला पाण्याची भीती वाटते हे त्यांना ऐकून माहीत होतं, जसं काही लोकांना विमानात मळमळतं म्हणतात तसं.

चोंबड्याचा पहिला निकाल लागला त्या दिवशी तलाव-संरक्षण प्राधिकरणाचे परांडकर साहेब स्वतः त्यांच्या अंगणात आले. तिशीतले, पुण्याचे, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेले. बुटांत आधीच पाणी शिरलं होतं, त्यामुळे चालताना पचपच आवाज यायचा. माणूस मोठा सज्जन. खाटेवर बसायच्या आधी त्यांनी कोंबडीलाही "जरा सरकता का" म्हटलं.

"आजी," ते म्हणाले, "तुमची जमीन म्हणजे या तलावाचं मूत्रपिंड आहे."

पंचफुलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "काय म्हणून राहिला हा?"

"किडनी, आई."

"कोणाची खराब झाली?"

"कोणाची नाही. आपली जमीन तलावाची किडनी आहे म्हणतात."

पंचफुलाबाईंनी अंगणावरून नजर फिरवली. "मंग तिच्यावर गोवऱ्या थापायच्या आधी सांगायचं नाही का जी?"

परांडकरांनी सावकाश समजावून सांगितलं. वरच्या बाजूला शेकडो एकर धान. धानाला युरिया. पिकाने घेतला तेवढा घेतला, उरलेला नायट्रेट होऊन पाण्यासोबत नाल्यात येतो, नाल्यातून तलावात, आणि तिथे शेवाळाला मेजवानी होते. शेवाळ माजतं, सडतं, पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, मासे उलटे होतात. आसपासचे कितीतरी मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव असे हिरव्या चटणीसारखे होऊन मेले होते. खापरटोल्याचा तेवढा जिवंत होता, आणि का जिवंत आहे हे कोणाला सांगता येत नव्हतं. चोंबड्याने ते शोधलं. मातीच्या प्रत्येक तुकड्यात राहणारे जीवाणू वेगळे असतात, जशी गल्लीगल्लीतली माणसं वेगळी. पाणी तिथून जाताना त्यांच्या डीएनएचे तुकडे उचलून नेतं. ते तुकडे वाचले की पाणी कुठून आलं, कुठल्या जमिनीने त्यात काय घातलं आणि काय काढून घेतलं, सगळा माग लागतो.

"दिघोरेंच्या पाऊण एकरात, गट क्रमांक बेचाळीसमध्ये, नाला पसरून तलावाला मिळतो. आत येताना शंभर भाग नायट्रेट असतं. बाहेर पडताना अकरा." परांडकरांनी आकडा वहीत काढून दाखवला. "मी अशा साठ तलावांवर गेलोय. शंभराचे ऐंशी झाले तरी आम्ही पेढे वाटतो."

म्हणून सरकारला ती जमीन विकत घ्यायची होती. जबरदस्ती अजिबात नाही, संमतीने आणि चांगल्या मोबदल्यात. कायदा सोपा होता. जमीन घेतली की कुंपण घालायचं आणि आत माणसाचं पाऊल पडू द्यायचं नाही. माणूस गेला की निसर्ग सुखी, हे त्या कायद्याचं सार. एकच अट होती. पुढचा एक हंगाम चोंबड्या पाहत राहणार, आणि बाहेर पडणारं नायट्रेट पन्नास भागांच्या वर गेलं, तर जमीन कुचकामी ठरून खरेदी रद्द होणार आणि ती मूळ मालकाला परत मिळणार.

मैथिलीने अट ऐकली न ऐकली. तिच्या डोळ्यांसमोर गोंदियातला फ्लॅट होता. तिसरा मजला, गॅलरीला लोखंडी जाळी, आणि चहूबाजूंनी डांबर. पाणी फक्त नळात, आणि तेही दिवसातून दोनदाच.

"मी नाही येत," पंचफुलाबाई म्हणाल्या. "तुम्ही जा. मी मूत्रपिंडावर राहतो."

हेमराज, मैथिलीचा नवरा, गोंदियातल्या बॅटरीच्या कारखान्यात जात-येत असे. तो दोन्ही बाजूंनी बोलण्यात तरबेज होता. "आई म्हणते ते बरोबर हाये," तो स्वयंपाकघरात म्हणाला, आणि ओसरीवर जाऊन म्हणाला, "मैथिलीचंही चूक नाही." असा महिना गेला.

मग एका दुपारी ईशान दिसेना. मैथिलीने घर पाहिलं, गोठा पाहिला, फाटक पाहिलं. फाटक उघडं होतं. ती एकेचाळीस पावलं तिने कशी टाकली ते तिला नंतर आठवलं नाही. पोरगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून कमळाच्या पानावर चालणाऱ्या पाखराशी गप्पा मारत होता. दहा हातांवर पंचफुलाबाई बसल्या होत्या, शिंगाडे सोलत.

"मी होती ना इथं," त्या म्हणाल्या.

"आई, तो पाण्यात आहे."

"कमरेएवढ्याच तर हाये. पुढं गेला असता तर मी गेली असती."

मैथिली भांडली नाही. तिने पोराला बाहेर ओढलं, चिखलातच फतकल मारून बसली आणि त्याच्या ओल्या सदऱ्याची बटणं काढायला लागली. निघेनात. हातांना इतका कंप सुटला होता की एका बटणावर तिची बोटं पाच-सहा वेळा घसरली. पंचफुलाबाई शिंगाडे सोलायचं थांबून त्या हातांकडे पाहत राहिल्या. मग उठल्या आणि सगळी बटणं त्यांनीच काढली.

जेवताना त्या म्हणाल्या, "विकून टाका. पण रांजण माह्यासोबत येईन."

रांजण म्हणजे दिघोरेंच्या अंगणातला कमरेएवढा काळा रांजण. टोल्यातली बावीस घरं भात वेळून निघालेली पेज रोज सकाळी त्यात आणून ओतत. दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई ती शिळी, आंबूस पेज भोपळ्याच्या तुंब्याने काढून नाल्याच्या काठाकाठाने शिंपत जात. तलाव मासे देतो, शिंगाडे देतो, कमळकाकडी देतो, वर्षभर काही ना काही प्रसवतच असतो. म्हणजे ती कायमची बाळंतीण. आणि बाळंतिणीला पेज द्यावी लागते, असा टोल्याचा साधा हिशेब. रांजण कधी पुरता रिकामा करायचा नाही, तळाशी चार बोटं पेज ठेवायची, आणि तो कधीही घासायचा नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मैथिलीने पाच वर्षांत कितीदा तरी हातात तारेची घासणी घेऊन त्या रांजणाकडे पाहिलं होतं. ईशान झाला तेव्हा तिलाही पेज मिळायची, पण तलावाला देऊन झाल्यावर. "ती मोठी बाळंतीण," सासूबाई म्हणायच्या. "तुही एकच तर बाळंतपण झालं."

टेम्पोत पंचफुलाबाई रांजणाला मिठी मारून बसल्या. दोरीपेक्षा ती मिठी पक्की होती.

तिसऱ्या मजल्यावर मैथिली पहिल्या रात्री सलग सात तास झोपली. लग्नानंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी तिला गॅलरीत उभं राहून खाली नुसतं डांबर पाहताना डोळे भरून आले. कोणाला सांगायची सोय नव्हती, पण डांबर तिला देखणं वाटत होतं.

पंचफुलाबाईंना कुकर मान्य नव्हता. कुकरच्या भाताला पेज सुटत नाही, म्हणजे तो भात अर्धा चोरलेला असतो, असं त्यांचं मत. त्या पातेल्यात भात करत, वेळत, पेज गॅलरीतल्या रांजणात ओतत आणि कालची पेज खाली नेऊन पार्किंगमधल्या कडुनिंबाला घालत. आठव्या दिवशी सोसायटीचे सचिव लिल्हारे काका नाकाला रुमाल लावून आले.

"वहिनी, तुमच्या गॅलरीत काही मेलं आहे का जी?"

"मेलं नाही," आतून पंचफुलाबाई म्हणाल्या. "जितं हाये, म्हणून वास येऊन राहिला. मेल्यावर येते तो वास येगळा."

लिल्हारे काका रुमाल नाकावर दाबून जिना उतरले.

वास सोडला तर सगळं नीट चाललं होतं. ईशान लिफ्टमध्ये रमला. मैथिलीला एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागायची लक्षणं होती. फक्त पंचफुलाबाई दिवसेंदिवस लहान होत चालल्या होत्या. त्या कुरकुर करत नव्हत्या, आणि मैथिलीला धास्ती त्याचीच वाटत होती. गावात त्या सकाळी सहापासून कोणावर ना कोणावर तोंड सोडत. इथे त्या टीव्हीसमोर बसून बातम्या देणाऱ्याला 'हो जी, हो जी' म्हणत.

पौषात परांडकरांचा फोन आला. अकराचे वीस झाले होते.

त्यानंतर आठवड्याआड फोन येऊ लागले. सव्वीस. चौतीस. परांडकरांनी कुंपण दुहेरी केलं, कॅमेरे लावले, रानडुकरावर संशय घेऊन त्याचा माग काढला आणि डुकराला निर्दोष सोडलं. नागपुरातून प्राध्यापक आणले. प्राध्यापकांनी निसर्गाला थोडा वेळ द्यायला सांगितलं. निसर्गाने त्या वेळात एकेचाळीस करून दाखवले. काठाच्या पाण्यावर हिरवी साय दिसायला लागली.

एकेचाळीस हा आकडा मैथिलीने कॅलेंडरवर लिहिला. फ्लॅट त्या खरेदीवर उभा होता. अजून दहा भाग वाढले की खरेदी रद्द, फ्लॅट जाणार, आणि ईशानसकट सगळे परत त्या उंबरठ्यावर. तिने परांडकरांकडून चोंबड्याच्या मूळ नोंदी मागवून घेतल्या आणि चार दुपारी, पोरगा झोपला की, त्या वाचत बसली. पाचव्या दुपारी तिला दिसलं. मातीतल्या शेकडो जीवाणूंपैकी एकच टोळी दिवसेंदिवस ओसरत होती, आणि ओसरायला सुरुवात झाली होती ती बरोबर त्यांनी घर सोडलं त्या तारखेपासून. त्या तारखेला जमिनीवरून काय काय हललं? चार माणसं, एक खाट, एक फ्रिज, अकरा कोंबड्या. आणि.

तिने गॅलरीकडे पाहिलं.

परांडकर दुसऱ्याच दिवशी आले. त्यांचा चेहरा आता तलावासारखाच हिरवट झाला होता. पोहे खाताना ते म्हणाले, "ताई, माझी ही पहिलीच स्वतंत्र जबाबदारी होती. मी माणसं काढली, प्लास्टिक काढलं, कुत्री काढली. अजून काय काढू?"

"साहेब, एक सळी आहे का जादा?"

त्यांनी पिशवीतून काढून दिली. मैथिलीने गॅलरीत जाऊन रांजणावरचं ताट उचललं आणि सळी पेजेत बुडवली. परांडकरांच्या हातातलं यंत्र मिनिटभर गुरगुरलं आणि त्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली. परांडकरांनी ती वाचली, यंत्र झटकलं, पुन्हा वाचली.

"काय म्हणतो?" मैथिलीने विचारलं.

"म्हणतो की, स्थान खापरटोला, गट क्रमांक बेचाळीस. प्रकृती उत्तम." ते जाळीतून खाली पाहायला लागले. "हा तिसरा मजला आहे ना?"

मग समजावून सांगायची पाळी मैथिलीची होती. नायट्रेट फोडून त्याचा साधा नायट्रोजन वायू करणारे, म्हणजे जो आपल्या भोवतीच्या हवेत असतोच तो, असे जीवाणू पाणथळ चिखलात राहतात. पण तेवढं काम उपाशीपोटी होत नाही. त्यांना खायला कर्ब लागतो, आणि पेजेतल्या स्टार्चइतका सोपा घास दुसरा नाही. बावीस घरांची पेज, रोज, तीनचार पिढ्या. वर आंबवणाच्या रांजणात त्याच टोळीची पैदास, आणि तळाच्या चार बोटांत पुढच्या दिवसाचं बियाणं. जमीन मूत्रपिंड होती हे खरं, पण ते मूत्रपिंड खानावळीत जेवत होतं. सरकारने निसर्गाला सुखी करण्यासाठी आचाऱ्यालाच घालवून दिलं होतं. टोल्याच्या बाकीच्या घरांनीही, रांजणच गेला म्हणून, पेज म्हशींना पाजायला सुरुवात केली होती. म्हशी तुकतुकीत झाल्या होत्या.

परांडकरांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि वही काढली. "हे मी अहवालात कसं लिहू?"

"रांजण घेऊन जा," मैथिली म्हणाली. "रोज कोणी पेज घालायची, कोणी शिंपायची, एवढंच आहे." आपण किती पटकन बोललो हे तिचं तिलाच जाणवलं. तिने सासूबाईंकडे पाहिलं नाही.

पंचफुलाबाईंनी रांजणावर ताट ठेवलं, वरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "न्या जी."

सरकारी गाडीतून रांजण गेला. त्यासाठी परांडकरांनी खास परवानगी काढून एक कंत्राटी चौकीदार नेमला. चौकीदार कामसू होता. पाचव्या दिवशी वरिष्ठ साहेब पाहणीला येणार असं कळल्यावर त्याने तारेची घासणी, साबण आणि फिनेल घेऊन रांजण आतून-बाहेरून लख्ख घासला, चुन्याने त्यावर 'स्वागत' लिहिलं आणि उन्हात पालथा घातला. वरिष्ठ साहेबांनी स्वच्छतेबद्दल त्याची पाठ थोपटली. त्या आठवड्यात आकडा सत्तेचाळीस झाला.

फोन ठेवल्यावर मैथिली स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पंचफुलाबाईंनी फ्रिज उघडला, लोणच्याच्या बरणीमागून स्टीलची एक डबी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. झाकणाखाली आंबूस, चिकट, पांढरट काहीतरी होतं.

"आई, हे कधी काढून ठेवलं?"

"देतानीच. दह्याचं विरजण कोणी सगळंच्या सगळं देऊन टाकते का वं? तुह्या कॉलेजात हे नाही शिकवलं?"

विरजण होतं, पण आता ते चौकीदाराच्या हाती सोपवायची हिंमत खुद्द परांडकरांतही नव्हती. किती आंबल्यावर शिंपायची, पाणी चढलं असलं तर कुठून, उतरलं असलं तर कुठून, हे पंचफुलाबाईंना नुसत्या वासावरून कळायचं. म्हणजे बाईच तिथे हवी होती, रोज, कायमची. आणि कायदा सांगत होता की माणसाचं पाऊल नको.

परांडकरांनी तीन दिवस तो कायदा वाचला. चौथ्या दिवशी ते फ्लॅटवर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक होती, मैथिलीला जराशी काळजी वाटावी अशी.

"परिशिष्ट तीन," ते म्हणाले. "ज्या स्थानिक प्रजातीच्या नित्य वावरावर तलावाची शुद्धता अवलंबून आहे, तिचा अधिवास अबाधित राखावा. प्रजातीची व्याख्या मी चार वेळा वाचली. माणूस नसावा असं कुठेच लिहिलेलं नाही. त्यांना सुचलंच नसावं." त्यांनी कागद पुढे सरकवला. "आपल्या यादीत सध्या सतरा प्रजाती आहेत. सतरावा सारस. अठराव्या आजी."

"सारसाच्या खाली काहून?" पंचफुलाबाई म्हणाल्या.

नमुना भरायला सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. आहार: भात, मासे, शिंगाडे. घरट्याची जागा: नाल्याच्या डाव्या काठावरचं जुनं घर.

"आवाज?" परांडकरांनी विचारलं.

"सकाळी सहाला सुरू होते," हेमराज म्हणाला.

"आक्रमक आहे का?"

हेमराजने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"सुनेले विचारा," पंचफुलाबाई म्हणाल्या. मैथिलीने खूप दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं, आणि परांडकरांनी तो रकाना तसाच सोडून दिला.

"आता पिल्लं." ते घसा खाकरून थांबले. "इथे ताई, तुम्हाला ठरवावं लागेल. प्रजातीसोबत पिल्लांची नोंद आजच होते, नंतर घालता येत नाहीत. ईशानचं नाव घातलं तर तो कधीही आत येऊ शकतो, राहू शकतो. नाही घातलं तर तो बाहेरचा माणूस. कुंपणापलीकडून भेटायला हरकत नाही. जाळीतून."

मैथिलीने पेन घेतलं आणि धरून बसली.

जे तिला हवं होतं ते सगळं त्या रिकाम्या रकान्यात होतं. काही लिहायचंच नाही, बस. खरेदी टिकेल, फ्लॅट राहील, आणि पाणी आणि पोरगा यांच्यामध्ये सरकारी शिक्क्याचं कुंपण उभं राहील, दुहेरी, कॅमेऱ्यासकट. कोणीही आई याहून जास्त काय मागेल? ईशान टेबलाखाली आजीच्या एका पायावर बसून तिच्या दुसऱ्या पायाची बोटं मोजत होता. दोनपर्यंत जायचा आणि पुन्हा एकपासून. तिला ते कुंपण दिसलं. आत पंचफुलाबाई, बाहेर तो, जाळीच्या भोकातून शिंगाडा घेणारा. आणि हेही दिसलं की हा पोरगा फाटक उघडायला अडीच वर्षांत शिकला. सरकारी कुंपण त्याला फार तर पाचपर्यंत पुरेल. मग एखाद्या दुपारी तो जाळीखालून आत जाईल, पोहता न येणारा, आणि तेव्हा दहा हातांवर कोणी बसलेलं नसेल.

"तुमच्यात मुलांना कधी शिकवतात, आई? पोहायला."

"तिसऱ्या वर्षी पाण्यात टाकतो."

'टाकतो' हा शब्द ऐकून मैथिलीने वाकून टेबलाखालच्या ईशानला पाहून घेतलं. ईशानला महिन्याने तीन पूर्ण होणार होती. तिने रकान्यात त्याचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण आलं.

"मग अजून एक," परांडकर नियम चाळत म्हणाले. "पाच वर्षांखालच्या पिल्लासोबत मादी अनिवार्य आहे." आणि त्यांनी संकोचून, मान खाली घालून, मैथिलीचंही नाव लिहिलं.

"आन् मी?" हेमराजने विचारलं.

परांडकरांनी बराच विचार केला. "तुम्ही शनिवार-रविवारच याल ना? मग हंगामी स्थलांतरित."

विरजण नव्या रांजणात लागलं. बावीस घरांनी म्हशींच्या नाराजीकडे दुर्लक्ष करून पेज परत सुरू केली. आकडा एकोणपन्नासला टेकून तीन दिवस तिथेच थबकला. त्या तीन दिवसांत परांडकरांनी दाढी केली नाही. चौथ्या दिवशी पंचेचाळीस. होळीपर्यंत तेवीस. खरेदी पक्की झाली, मैथिलीला प्रयोगशाळेतली नोकरी लागली आणि शाळा सोमवार ते शुक्रवार असल्याने फ्लॅटही राहिला.

ईशानच्या वाढदिवसानंतरच्या शनिवारी, ऊन चढायच्या आत, पंचफुलाबाईंनी लुगड्याचा काष्टा मारला आणि पोराला खांद्यावर घेऊन पाण्याकडे निघाल्या. एकेचाळिसाव्या पावलाला मैथिलीने त्यांचा पदर धरला.

"आई. आधी मी."

"तू काय?"

"आधी मला शिकवा. मग त्याला."

पंचफुलाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पोराला काठावर हेमराजच्या मांडीवर दिलं. "हे धर. तुह्या बायकोले टाकून येतो."

पाणी गार होतं. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मैथिलीचे दात वाजत होते आणि त्याचा थंडीशी काही संबंध नव्हता. छातीएवढ्या पाण्यात पंचफुलाबाई थांबल्या. त्यांनी तिच्या पाठीखाली एक हात आडवा घातला, बाळाला न्हाऊ घालताना घालतात तसा.

"आडवी हो. पाय सोड."

"सोडले."

"नाही सोडले."

"सोडले आई, खरंच."

"बोटांनी चिखल धरून ठेवला हाये तू. मले दिसून राहिलं. पाणी आता सफा हाये."

काठावरून ईशान ओरडून काहीतरी विचारत होता. मैथिलीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, तो हेमराजच्या दोन्ही हातांत आहे ना याची खात्री केली, पुन्हा एकदा केली, आणि मग चिखल सोडला.